मायच्या भिंतीवरचा हिशोब

पेंटरनं पट्टी लावून पहिला पापुद्रा काढला तेव्हा मी त्याच्यासाठी चहा घेऊन तिथंच उभी होते. पंजाएवढा चुन्याचा तुकडा खाली पडला आणि मागच्या पांढऱ्यावर कोळशाच्या रेघा दिसल्या. चार उभ्या, त्यांना छेदणारी एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. शेजारी एक गोल, गोलाच्या पोटात टिंब.

"थांबा भाऊ," मी म्हणाले.

त्याला वाटलं भिंतीत वायर आहे. तो दचकून मागं सरला. मी कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि भिंतीशी नाक लावून बघत राहिले. तुकडा जिथून निघाला त्या कडेला थर मोजता येत होते. पांढरा, मग काळ्याची पुसट खूण, मग नीळ जास्त झालेला निळसर पांढरा, पुन्हा काळं, पुन्हा पांढरं. अगदी तळाशी मातीचा तांबूस रंग.

नागपूरच्या तांडापेठेतल्या आमच्या घराची ही भिंत. स्वयंपाकघरात शिरलं की उजव्या हाताला, देवाच्या कोनाड्याच्या खालची. कवेलू जाऊन स्लॅब पडला, बाकी घराला डिस्टेंपर लागला, पुढच्या खोलीला दादानं प्लास्टिक पेंटही करून घेतला. या भिंतीला मात्र चुन्याशिवाय कधी काही लागलं नाही. माय लावूच द्यायची नाही. "त्याच्यावर कोळसा उमटत नाई," एवढंच तिचं म्हणणं, आणि त्यावर आमच्या घरात कोणी वाद घातला नाही.

माय म्हणजे माझी आजी, बाबांची आई. २०२५ च्या संक्रांतीच्या चार दिवस आधी ती गेली. पोटची मुलं तिला माय म्हणत, सुना माय म्हणत, आम्ही नातवंडं, आमची मुलं, अख्खी गल्ली, गॅसचा सिलिंडर आणणारा पोरगा, सगळे माय. तिची दोन नावं होती. माहेरचं एका फुलाचं, सासरी आल्यावर ठेवलेलं देवीचं. आमच्यात मोठ्या माणसाचं नाव तोंडानं घेत नाहीत, म्हणून मीही ते इथं लिहीत नाही.

ती गेली त्या वर्षी दिवाळी केली नाही, म्हणून चुनाही झाला नाही. वर्षश्राद्ध झालं, आणि यंदा पाडव्याआधी घर रंगवून घेऊ असं ठरलं. म्हणून हा पेंटर.

मायचं वय तिनंच मला असं सांगितलं होतं: "बेचाळीसच्या साली नागपुरात गोळ्या चालल्या, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माहं लगन झालं. मी तेरा वर्साची होती." शाळेचा दाखला नाही, जन्माचा कागद नाही. आधार कार्डावर १ जानेवारी १९३० आहे. तिच्या वयाच्या कितीतरी बायकांची जन्मतारीख अशीच १ जानेवारी असते. १९३० मात्र बरोबर असावं, कारण तिचा हिशोब चुकत नसे.

माहेर पवनीचं, वैनगंगेच्या काठचं. विणकरांचंच घर. पवनीहून भिवापूरपर्यंत बैलगाडी, आणि भिवापूरहून छोट्या रेल्वेनं इतवारी, असं तिचं वऱ्हाड आलं. आगगाडीत ती पहिल्यांदा बसली होती. त्या प्रवासातलं तिला शेवटपर्यंत आठवायचं ते एवढंच की उमरेडला गाडी थांबली तेव्हा एका अनोळखी बाईनं तिला संत्र्याच्या दोन फोडी दिल्या, आणि नवी नवरी म्हणून तिनं त्या खाल्ल्या नाहीत, इतवारी येईपर्यंत मुठीत धरून ठेवल्या. पुढं दर उन्हाळ्यात भिवापुरी मिरची आली की हीच गोष्ट निघायची. २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी ती छोटी गाडी बंद झाली, तेव्हा दादानं तिला पेपरातला फोटो दाखवला. तिनं फोटोवर हात ठेवला आणि म्हणाली, "लय झोके द्यायची वो."

इथं आली तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत खड्डामाग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग, होता. आता तिथं दिवाण आणि टीव्ही आहे. सासरे आणि आजोबा नऊवारी लुगडी विणत, सासू आणि माय कांड्या भरत. कांडी भरणं हे बायकांचं आणि लेकरांचं काम. उजव्या हातानं रहाट फिरवायचा, डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात सूत धरायचं, आणि ते छोट्या नळीसारख्या कांडीवर असं गुंडाळायचं की धोट्यातून, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडातून, सुटताना कुठं अडकू नये. सूत फार ढिलं धरलं तर कांडी भुसभुशीत होते, घट्ट धरलं तर तुटतं. किती घट्ट धरायचं हे शब्दांत सांगता येत नाही. मी विचारलं होतं. तिनं माझा अंगठा आणि बोट आपल्या चिमटीत धरलं आणि म्हणाली, "एवढं."

तिच्या डाव्या अंगठ्याच्या पेरावर सुतानं पाडलेली एक बारीक खाच होती. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी त्या खाचेत नख घालून पाहायची. नख बरोबर बसायचं. माग बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी ती खाच भरून आली नाही.

उन्हाळ्यात पहाटे गल्लीत ताणा लावत. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचे धागे ताणलेले, आणि दोघं-तिघं कुंच्यानं त्याला खळ लावत चाललेले. ऊन चढायच्या आत हे आटपावं लागे. नागपूरचं मे महिन्याचं ऊन अंगावर आलं की खळ कडक होते आणि धागे तुटतात. म्हणून चार वाजता उठायचं. माय चौऱ्याण्णव वर्षांची होईपर्यंत चारलाच उठत होती. उठून काय करायचं हे ठरलेलं नसायचं. खुर्चीवर बसून राहायची, दाराशी.

आता भिंतीकडे येते.

इतवारीतला व्यापारी सूत उधार द्यायचा, लुगडी तयार झाली की घेऊन जायचा आणि सुताचे पैसे कापून मजुरी द्यायचा. त्याच्याकडं वही होती, मुनीम होता. आमच्याकडं लिहिता येणारं कोणी नव्हतं. आजोबा विणण्यात वस्ताद, पण आकड्यात कच्चे. माय सासरी आल्यावर वर्षाभरात तिनं चुलीतला कोळसा उचलला आणि या भिंतीवर रेघा मारायला सुरुवात केली. सुतासाठी फुली. लुगड्यासाठी लांब उभी रेघ, पाचवं झालं की आडवी. बंद्या रुपयाला पोटात टिंब असलेला गोल, आठ आण्यांना अर्धा गोल. किराण्याला त्रिकोण. दुधाला लोट्याचा आकार. भाजीला तीन काड्यांची फांदी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

एकदा मुनीम म्हणाला, हंगामात अकरा लुगडी आली. माय म्हणाली, तेरा. आजोबा म्हणाले, जाऊ दे, वहीत आहे ते खरं. माय तेव्हा विशी-बाविशीची असेल. डोक्यावर पदर घेऊन ती इतवारीत दुकानाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. आत गेली नाही, आवाजही चढवला नाही. मुनीम बाहेर आला तेव्हा म्हणाली, "वही घेऊन घरी चाला. माही भिंत उचलून आनता येत नाई." ही गोष्ट मला आजोबांनी सांगितली, मायनं कधीच नाही. मुनीम खरंच आला. वहीतली एकेक तारीख वाचत गेला आणि माय भिंतीवरच्या एकेका रेघेवर बोट ठेवत, त्या दिवशी काय होतं ते सांगत गेली. कुणाकडं बारसं होतं, कोणत्या दिवशी पाऊस लागून खळ वाळली नव्हती, पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन लुगडी कशी एकदम दिली. ती पोळ्याचीच दोन राहिली होती. मुनिमानं तिथंच, आमच्या ओट्यावर बसून, ती वहीत चढवली. आजोबा सांगताना इथं थांबायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. त्यांना तिचा फार अभिमान होता, तोंडावर मात्र कधी बोलले नाहीत.

पुढं हातमागावर पोट भरेना झालं आणि आजोबा एम्प्रेस मिलमध्ये लागले. टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती गिरणी. जमशेदपूरच्या आधी नागपूर, हे आमचे आजोबा आल्यागेल्याला ऐकवत. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. कुकर कधी लावायचा, लेकरांना शाळेत कधी हाकलायचं, सगळं भोंग्यावर. गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली. आता त्या जागेवर मॉल आहे. आजोबा त्याआधीच निवृत्त झाले होते आणि त्याआधीच गेलेही.

गिरणीचा पगार आला तरी भिंत चालूच राहिली. फुल्या गेल्या, त्रिकोण आणि लोटे वाढले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मायला पहिल्यांदा हिशोबात अडचण झाली. रुपयाचे सोळा आणे होते तोवर सगळं निम्म्यानिम्म्यानं तुटायचं. अर्धा गोल, पाव गोल, त्याचा अर्धा. आता आण्याचे सव्वासहा पैसे झाले. "हा सव्वा मी कुठं ठेवू?" असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि म्हातारपणीही तोच प्रश्न तेवढ्याच कळकळीनं विचारायची. चार आणे मात्र तिनं सोडले नाहीत. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशाचं नाणं चलनातून गेलं, तेव्हा तिच्या डब्यात चाराण्यांची एक पुरचुंडी होती. बँकेत देऊन येते म्हटलं तर नको म्हणाली. ती नाणी पुढं तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन येणाऱ्या पोट्ट्यांना बोजारा म्हणून देऊ लागली, सोबत दहाची नोट. पोरं नोट खिशात घालायची आणि चाराणे उलटसुलट करून पाहत बसायची.

या भिंतीचा एक नियम होता. दिवाळीचा चुना लागण्याआधी सगळ्यांचं देणं फिटलं पाहिजे. चुना लागला की वर्ष पुसलं. दूधवाला, किराणेवाला, शिंपी, परीट, ज्याची म्हणून रेघ भिंतीवर आहे त्याला दिल्याशिवाय कुंची भिंतीला लागत नसे. एका वर्षी दूधवाला गावाला गेला आणि परत येईना. लक्ष्मीपूजन उद्यावर आलं, अख्खं घर चुन्यानं लख्ख, आणि ही एक भिंत काळी. आत्या तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. तिला आठवतं, आजोबा चिडले होते, सासूबाई चिडल्या होत्या, माय काही न बोलता अनारसे तळत होती. पूजेच्या दिवशी दुपारी दूधवाला आला. पैसे मोजून दिले, आणि संध्याकाळच्या आत मायनं स्वतः भिंत सारवावी तशी चुन्यानं झाकली. पूजेला बसली तेव्हा भिंत ओलीच होती.

दिलेल्याची रेघ मात्र भिंतीवर कधी नसायची. गल्लीतल्या कितीजणींनी तिच्याकडून पीठ, साखर, पैसे, पातेली नेली. ते कुठंच लिहिलेलं नाही. मी बारावीत होते, अकाउंट्स शिकत होते, तेव्हा मी तिला म्हटलं, "माय, येणं पण लिहावं लागते." तिनं फल्ल्या, म्हणजे भुईमुगाच्या शेंगा, फोडता फोडता उत्तर दिलं, "थे त्याहीच्या भिंतीवर असन नं."

मी आज एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत आहे. सव्वीस वर्षं झाली. मोजायला मला शाळेनं नाही, मायनं शिकवलं. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची. एका बोटाला तीन, चार बोटांना बारा. एक हात म्हणजे डझन, आणि उजव्या हाताचे डझन किती झाले ते डाव्या हाताच्या पेरांवर. दोन्ही हात मिळून बारा डझन, एकशे चव्वेचाळीस, कागद न लागता. संगणकावरची बेरीज मी आजही टेबलाखाली पेरांवर ताडून बघते. बाजूच्या टेबलवाल्या मॅडमला वाटतं मी जप करते.

मायला नऊ मुलं झाली, सहा जगली. एक मुलगी देवीच्या रोगानं गेली, एक मुलगा धनुर्वातानं दहाव्या दिवशी, आणि एक तापानं, त्याचं नीट कळलंच नाही. त्यांच्याबद्दल ती बोलत नसे. वर्षातून एकदाच बोलायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या वेळी.

नागपूरच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या पाडव्याला आमच्याकडं काळी आणि पिवळी मारबत निघते. मोठमोठ्या बाहुल्या, सोबत बडगे म्हणजे पुतळे, ढोलताशे, आणि इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते. शेवटी त्या गावाबाहेर जाळतात. रोगराई, भांडण, वाईट ते सगळं तिच्यासोबत जावं म्हणून लोक ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" पिवळी मारबत आमच्या जवळच्याच जागनाथ बुधवारीची. माय दर वर्षी आम्हा सगळ्या पोट्ट्यांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची. लोक मोठ्यानं ओरडायचे, माय हळूच बोलायची. मी तिचा पदर धरून असायची, म्हणून मला ऐकू यायचं. "देवी घेऊन जाय गे मारबत. धनुर्वात घेऊन जाय. ताप घेऊन जाय." याच क्रमानं. मी लहान असताना मला वाटायचं मारबतीला सगळे हेच म्हणतात.

मी कॉलेजात गेल्यावर तिला सांगितलं की देवी आता राहिलीच नाही. आपल्या देशातला शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला, त्यानंतर नाही. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. "कुठीच नाई?" कुठंच नाही म्हटलं. त्या वर्षी मारबतीला मी मुद्दाम तिच्या जवळ उभी राहिले. ती धनुर्वातापासून सुरू झाली. आणि मग मिरवणूक पुढं गेल्यावर, पाठमोऱ्या मारबतीकडं पाहत, म्हणाली, "पह्यलं नेलं तिनं. थोडं उशिरा नेलं."

२०२० ला कोरोनामुळं मिरवणूक नेहमीसारखी निघाली नाही. तेव्हा तिनं आमच्या दारात उभं राहून रिकाम्या गल्लीकडं बघत म्हटलं, मास्क लावून. त्या वर्षी तीनऐवजी चार नावं होती.

मतदानाचं सांगायचं राहिलं. हे घर कधी हललं नाही, पण राज्यं बदलली. माय आली तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग मध्य प्रदेश आणि नागपूर त्याची राजधानी, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. एकाच चुलीपाशी बसून ती चार राज्यांत राहिली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत तिला मत देता आलं नाही. यादी करायला माणूस आला तेव्हा सासूनं सांगितलं, "हे आमच्या लेकाची बायको." नाव सांगितलंच नाही. तेव्हा देशात असं खूप घरी झालं. स्वतःचं नाव न सांगितलेल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली. मायला हा आकडा मी वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढ्या जनी?"

दुसऱ्या वेळी यादीवाला आला तेव्हा ती सासूच्या आधी दारात गेली आणि आपलं नाव सांगितलं. देवीचं, सासरचं. त्यानंतर एकही मतदान चुकलं नाही. ती कुणाला मत देते हे आजोबांनाही माहीत नव्हतं. २०२४ च्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या वरच्यांसाठी घरूनच मतदान करायची सोय होती. दादानं फॉर्म आणला. तिनं परत करायला लावला. १९ एप्रिलला सकाळी सातच्या आत आम्ही तिला खुर्चीसकट रिक्षात घालून शाळेत नेलं. रांगेतल्या लोकांनी पुढं जायला सांगितलं. ती नाही म्हणाली, पण पोलिसानंच खुर्ची पुढं नेली. बाहेर आल्यावर शाईचं बोट उन्हात धरून तिनं बघितलं आणि घरी येऊन दिवसभर त्या हाताला पाणी लावलं नाही.  

तिच्या हातच्या जेवणावर लिहायला बसले तर दुसरी पोस्ट होईल. वडाभात, सांबारवडी, आणि रविवारचं झणझणीत मटण. सगळ्यांच्याच आज्या छान रांधतात. एवढंच सांगते की सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर, तिला रोज ताजाच लागायचा. फ्रिजमधला चालायचा नाही. सकाळी गल्लीत भाजीचा ठेला आला की दाराशी खुर्चीवर बसून ती जुडी हातात घ्यायची, नाकाशी धरायची, मगच घ्यायची. हे पुढं लागणार आहे.

शेवटचे आठ-दहा दिवस ती अंथरुणावर होती. बोलणं बंद, डोळे बहुतेक मिटलेले. पण हात चालू होते. उजवा हात गोल गोल फिरायचा, पलंगाच्या कडेशी, एका लयीत. डावा हात छातीपाशी, अंगठा आणि पहिलं बोट जुळलेलं, मधूनच थोडं पुढं सरकायचं, थोडं मागं. माझ्या वहिनीला वाटलं झटके येतात, ती घाबरली. आत्यानं बघितलं आणि तिथंच खाली बसली. म्हणाली, "कांडी भरून राहिली माय." त्या रात्री मी तिच्या डाव्या चिमटीत तिच्याच लुगड्याच्या पदराचा दोरा दिला. तिनं तो धरला. किती घट्ट? एवढं. मी माझं बोट मध्ये घालून पाहिलं. अंगठ्यावरची खाच तशीच होती.

तर भिंत. मी पेंटरला दोन दिवस सुट्टी दिली आणि आत्याला बोलावून घेतलं. आत्या आता सत्तरीची आहे. आम्ही दोघींनी सुरीच्या पाठीनं हळूहळू पापुद्रे काढले आणि परातीत जमा केले. काम करता करता एक गोष्ट लक्षात आली, ती मला आधी कधी सुचली नव्हती. आतल्या थरांतल्या रेघा वर होत्या, माझ्या डोळ्यांच्या उंचीला. मधल्या थरांतल्या त्याहून हातभर खाली. बाहेरच्या थरातल्या माझ्या कमरेशी. पाठीत वाक आला तशा रेघा खाली आल्या होत्या, आणि अगदी शेवटच्या, खुर्चीवर बसून हात पोचेल तेवढ्यावर. आत्या म्हणाली, "तू लहान होती तवा तिचा हात येथी होता," आणि भिंतीवर एका जागी तळवा ठेवला. तिथं खरचटून पाहिलं तर लोटे निघाले, तीन ओळी.

सगळ्यात वरचा थर २०२४ च्या दिवाळीचा. त्यावर काही नसेल असं धरून आम्ही चाललो होतो. दूध आता पिशवीचं, किराणा वहिनी आणते. पण दार पुढं ओढल्यावर, दाराआड झाकल्या जाणाऱ्या भागात, जमिनीपासून दोन-अडीच हातांवर, एक फांदी होती. तीन काड्यांची. रेघ थरथरलेली, एका ठिकाणी कोळसा तुटून ठिपका पडलेला. तिच्यापुढं तीन उभ्या रेघा.

मी आणि आत्या एकमेकींकडं पाहिलं. दिवाळीनंतर ती दोन-अडीच महिनेच होती. त्या दिवसांत सुटे नसतील कधी.

"भाजीचं," आत्या म्हणाली. "तीनदाचं राह्यलं."

संध्याकाळी मी गोळीबार चौकात गेले. आमच्या गल्लीत ठेला आणणारी बाई संध्याकाळी तिथं बसते. ऊन उतरलं होतं, ती मेथीवर पाणी शिंपडत होती. मी म्हटलं, "मावशी, मायचं तुमच्याकडं तीन वेळचं द्यायचं राहिलं होतं. दीड वर्ष होत आलं. काय घेतलं होतं ते आम्हाले माहीत नाही."

तिनं शिंपडणं थांबवलं. थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं, मग बोटांची पेरं मोजल्यासारखा अंगठा हलवला.

"सांबार," ती म्हणाली. "तीन जुड्या. दहाची एक होती तवा." आणि मग, "तिनं लिवून ठेवलं होतं का वो?"

"हो. भिंतीवर."

मी तीस रुपये दिले. ती नको म्हणेल असं मला वाटलं होतं. म्हणाली नाही. तिनं ते दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि कमरेच्या बटव्यात घातले. मी आजचा सांबार मागितला. तिनं ढिगातून एक जुडी काढली, ती ठेवली, खालची दुसरी काढली, झटकली आणि नाकाशी धरून मग माझ्या हातात दिली.

घरी येता येता मी पेंटरला फोन केला, उद्या सकाळी लवकर या, आणि त्या भिंतीसाठी चुना आज रात्रीच भिजत घाला.